लंडन–टोकियो : जाताना बावीस तास आणि येताना साडेसहा?

नभा
मंडळी, घरात कालपासून एक वाद पेटलाय, तो सोडवायला इथे आणलाय.

धाकटा दीर कामासाठी लंडनहून टोकियोला जाऊन येणार आहे. त्याने तिकीट घरच्या ग्रुपवर टाकलं आणि आमच्या सहावीतल्या कन्येने ते वाचून जाहीर केलं, "काका जाताना बावीस तास विमानात बसणार आणि येताना फक्त साडेसहा. येताना कुणी मागून ढकलतं का?"

तिकीट असं आहे. लंडनहून सकाळी ९:३० ला निघून टोकियोला दुसऱ्या दिवशी सकाळी ७:२०. परतताना टोकियोहून सकाळी ९:३०, लंडनला त्याच दिवशी दुपारी ४:००.

घड्याळांत आठ तासांचा फरक आहे हे मला कळतं हो. तो धरून जाताना १३ तास ५० मिनिटं आणि येताना १४ तास ३० मिनिटं होतात. इथवर आई जिंकली. पण मग शहाणपणा करून अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साइट्स उघडल्या आणि पार गोंधळ झाला. एक म्हणते ९,५६० किमी, १० तास ३७ मिनिटं. दुसरी म्हणते ९,५६० किमीच, पण १२ तास २७ मिनिटं. तिसरीवर अंतर ५,१६० मैल, चौथीवर ५,९४० मैल. खरं कुठलं? आणि तिकिटावर जे तीन-साडेतीन तास जास्त दिसतायत ते गेले कुठे?

आळशी_ढग
पहिला! आता पाय पसरून बसतो. जाणकार येतीलच.

गणिती_उंदीर
नभाताई, त्या साइट्सचं गुपित फोडतो. ९,५६० ला ९०० ने भागा. १०.६२ तास, म्हणजे १० तास ३७ मिनिटं. आता ८०० ने भागा आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवा. १२ तास २७ मिनिटं. झालं! यात ना वारा, ना मार्ग, ना कुठलं विमान. दुसरी-तिसरीतलं उदाहरण आहे, फक्त उत्तर मिनिटापर्यंत देतात म्हणून आपल्याला वाटतं की कुणीतरी मोजून आलंय.

मैलांचं कोडं त्याहून सोपं. ५,९४० हे रस्त्यावरचे मैल, १.६०९ किमीचे. ५,१६० हे सागरी मैल, १.८५२ किमीचे. विमानं आणि जहाजं दुसरे वापरतात, कारण एक सागरी मैल म्हणजे अक्षांशाचा एक मिनिट, अंशाचा साठावा भाग. नकाशावर थेट मोजता येतो. दोन्ही साइट्स बरोबर आहेत, कुठला मैल ते सांगायचा आळस तेवढा केलाय.

आणि कन्येसाठी एक गंमत. तिचे २१:५० आणि ६:३० हे 'चुकीचे' आकडे तसेच ठेवून बेरीज कर म्हणावं. २८:२०. आता तुमचे 'बरोबर' आकडे, १३:५० आणि १४:३०. बेरीज? तीच, २८:२०. एकीकडे आठ तास मिळतात, दुसरीकडे तेच जातात. म्हणजे दोन शहरांतल्या घड्याळांचा फरक अजिबात माहीत नसला तरी जाण्या-येण्याची बेरीज करून निम्मं केलं की एका बाजूचा सरासरी वेळ हातात. फक्त मधल्या काळात कुणी उन्हाळी वेळ बदललेली नको. जपान बदलत नाही, लंडन मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. हिवाळ्यात हाच फरक नऊ तासांचा.

मी_पामर
मला वाटतं पृथ्वीच्या फिरण्याचा पण संबंध असावा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे टोकियोकडे जाताना टोकियो पुढे पळतंय आणि येताना लंडन आपल्याकडे येतंय. पण मग येताना वेळ कमी लागायला हवा... उलटं कसं?

दोरीवरचा_कावळा
पामरराव, तसं असतं तर विमानाचं तिकीट कशाला काढायचं? टोकियोवर हेलिकॉप्टर घेऊन तरंगत राहायचं. साडेनऊ तासांच्या आत अल्जेरियातलं ओरान शहर खाली येईल (लंडन नाही, अक्षांश जुळत नाही), तिथे उतरून पुढची गाडी पकडायची.

हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते हो. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमीने पळतेय. हवा मागे राहिली असती तर घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती.

मी_पामर
ओरान 😂 हरलो. पण मग पूर्वेकडचा प्रवास लवकर होतो असं सगळे म्हणतात ते काय?

शून्य_प्रहर
ते खरं आहे, आणि पृथ्वीच्या फिरण्याचा त्याच्याशी आडून संबंध आहे, त्यामुळे पामर अगदीच चुकले नाहीत. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. या फरकाने हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर या वाऱ्यांच्या अरुंद नद्या वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दोनशे किमी तर सहज, हिवाळ्यात त्याहूनही पुष्कळ जास्त. आणि प्रवासी विमानं नेमकी याच उंचीवरून जातात.

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. भोवतालच्या हवेच्या हिशोबाने विमान नेहमीच्याच वेगाने जात होतं, हवाच पळत होती. सरकत्या जिन्यावर चालण्यासारखं.

या वाऱ्यांचा शोध आपल्या धाग्यातल्या टोकियोच्याच शेजारचा. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ताटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले. जगाला कळावं म्हणून १९२६ मध्ये त्याने अहवाल छापला तो एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत! साहजिकच जगाला काही कळलं नाही. १९४४ मध्ये टोकियोवर उंचावरून आलेली अमेरिकी बॉम्बर विमानं या वाऱ्यात सापडली, बॉम्ब भलतीकडे पडू लागले, तेव्हा बाकीच्यांना पत्ता लागला.

आळशी_ढग
एस्पेरांतोत!! बिचारा. मराठीत लिहिलं असतं तर इथे निदान दोन-चार प्रतिसाद तरी आले असते.

खिडकीसीट
वारा वगैरे ठीक आहे, पण नभाताईंचे तीन तास वाऱ्यात गेलेले नाहीत. ते रशियात गेलेत. म्हणजे, रशियात न गेल्यामुळे गेलेत.

हा प्रवास मी दोनदा केलाय. पहिल्यांदा २०१९ च्या मार्चमध्ये. लंडन सोडल्यावर विमान पूर्वेला जाण्याऐवजी ईशान्येला निघालं, स्कँडिनेव्हिया ओलांडून रशियात शिरलं आणि मग सैबेरिया सुरू झाला तो संपेचना. खिडकीतून नुसतं पांढरं. मध्येच एखादी गोठलेली नदी, तीही पांढरीच, पण तिच्या कडेची झाडं काळपट, म्हणून ती नागमोडी रेघ कळायची. शेजारचे आजोबा झोपून उठले, जेवले, परत झोपले, परत उठले, आणि मला विचारलं, कुठे आलो? मी म्हटलं, अजून रशियाच. पण एकूण प्रवास बारा तासांच्या आत संपला.

दुसऱ्यांदा गेलो ते गेल्या वर्षी. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं, युरोपातल्या देशांनी रशियन विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि रशियाने त्यांच्या विमानांना स्वतःची. जपानी कंपन्यांनीही तो रस्ता सोडला. त्यामुळे या खेपेला तुर्कस्तान, कॉकेशस, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन असं दक्षिणेने वळसा घालून गेलो. रात्री कॅस्पियनवरून जाताना खाली तेलविहिरींचे दिवे दिसले, तेवढीच करमणूक. या वळणात दीड-दोन हजार किमी सहज वाढतात. सव्वादोन तास इथे गेले बघा.

आणखी एक खटकणारी गोष्ट. चिनी कंपन्यांना ही बंदी लागू नाही. त्या आजही रशियावरून जातात. त्यामुळे बीजिंग–लंडन या एकाच प्रवासाला कंपनीनुसार वेगवेगळा वेळ लागू शकतो. शहरं तीच, अंतर तेच.

नभा
खिडकीसीट, ईशान्येला का पण? टोकियो तर लंडनच्या खाली आहे ना, दक्षिणेला? मी नकाशा पाहिला, सरळ रेघ ओढली तर ती युरोप, कॅस्पियन, चीन अशीच जाते. मग हा "वळसा" खरं तर सरळ रस्ता नाही का?

रेखांश
नभाताई, नकाशा बाजूला ठेवा. घरात पृथ्वीगोल आहे का? असला तर एक दोरा घ्या, लंडन आणि टोकियोवर बोटांनी दाबा आणि ताणा. मग काय दिसतं ते इथे येऊन सांगा. आधी मी काही बोलत नाही.

नभा
केलं! कन्येने शिवणाच्या डब्यातला लाल दोरा आणला. ढिला होता तेव्हा युरोपवरून चीनकडे जात होता. ताणल्याबरोबर सर्रकन वर घसरला, नॉर्वेवरून थेट रशियाच्या डोक्यावर जाऊन बसला! तिने तीन वेळा खाली ओढून आणला, तीनही वेळा वर पळाला. आता ती प्रत्येकाला धरून धरून दाखवतेय. दोरा तेवढ्याच मापाचा कापून पट्टीवर मोजलाय, साडेबावीस सेंटीमीटर. गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा आहे.

गणिती_उंदीर
वा! मग हिशोब करूच. ३० सेंमी व्यासाच्या गोलाचा परीघ सव्वाचौऱ्याण्णव सेंमी. पृथ्वीचा ४०,००० किमी. म्हणजे १ सेंमीला साधारण ४२५ किमी. साडेबावीस गुणिले ४२५ = ९,५६२. साइटवर ९,५६०! पोरीला माझ्यातर्फे शाबासकी.

रेखांश
याच दोऱ्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सगळ्यांत जवळचा रस्ता. अंतर सांगणाऱ्या साइट्स दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन त्रिकोणमितीने हाच दोरा ताणतात. लंडन ५१.५ अंश उत्तर, टोकियो ३५.७, पण मधला दोरा ७० अंशांच्या वर जातो, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे.

भिंतीवरच्या नकाशात तो कमानीसारखा दिसतो, कारण १५६९ सालचा मर्केटरचा नकाशा जहाजांसाठी होता. होकायंत्राची दिशा न बदलता जायचं असेल तर त्यावर सरळ रेघ ओढायची. सोय झाली, पण ती रेघ जवळची नव्हे. लंडन–टोकियो त्या रेघेवरून गेलात तर ११,३०० किमीच्या आसपास होतात. सुमारे १,७०० किमी जास्त. खिडकीसीट यांनी सांगितलेला वाढीव आकडाही तसाच आहे, कारण आजचं विमान नकाशावरच्या त्या 'सरळ' रेघेच्या बरंच जवळून जातं.

आणि हे पहिल्यांदा घडत नाहीये. सोव्हिएत काळातही पश्चिमेच्या बहुतेक विमानांना सैबेरिया बंद होता. १९५७ मध्ये एसएएस कंपनीने कोपनहेगन–अँकरेज–टोकियो सेवा सुरू केली, म्हणजे उत्तर ध्रुवाकडून अलास्काला, तिथे इंधन भरायचं आणि मग खाली जपान. अनेक वर्षं युरोप–जपान प्रवास म्हणजे अँकरेजचा थांबा असं समीकरण होतं. १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून टोकियोला ध्रुवावरून थेट, न थांबता विमान नेलं. पुढे सैबेरिया खुला झाला, ध्रुव विसरला गेला, हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांवर आलं. मार्च २०२२ मध्ये तीच फिनएअर, तेच टोकियो, आणि पुन्हा ध्रुवावरून तेरा तास. चाळीस वर्षांत विमानं किती बदलली, पण रस्ता बंद झाला की झाला.

दोरीवरचा_कावळा
ध्रुवावरचं अजून एक. तिथे इंधन गोठण्याचीही काळजी असते. जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश. बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते. टाकीतलं तापमान फार उतरू लागलं की वैमानिक खाली येतात किंवा वेग वाढवतात.

मी_पामर
वेग वाढवता येतो?! मग सगळीकडेच वाढवा की. ९०० वर का अडकलेत साठ वर्षं?

शून्य_प्रहर
ध्वनीच्या भिंतीमुळे. ११ किमी उंचीवर उणे ५६ अंशाच्या आसपास तापमान असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी. त्याच्या ८५ टक्के म्हणजे ९००. त्यापुढे पंखावर हवेचे धक्के बसायला लागतात आणि इंधन भसाभस जळतं. कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाने ती भिंत ओलांडली, न्यूयॉर्क–लंडन साडेतीन तासांत नेलं. त्याची सेवा १९७६ ते २००३ चालली. पण जमिनीवरून जाताना त्याच्या गडगडाटाचा त्रास म्हणून समुद्रावरच पळू द्यायचे, आणि टाकी ७ हजार किमीच्या आसपासची. टोकियोपर्यंत पोचलंच नसतं.

ठोकळा
मी विमानतळावर काही वर्षं जमिनीवरचं काम केलंय, म्हणून उरलेल्या मिनिटांचा हिशोब मी देतो. मूळ पोस्टमधले १३:५० हे उडण्यापासून उतरण्यापर्यंतचे नाहीत. विमान गेटवर उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात, आम्ही चॉक म्हणायचो. ते काढून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू, आणि तिकडच्या गेटवर पुन्हा चॉक लागले की बंद. यात धावपट्टीपर्यंत विमानाचं जमिनीवरून सरकत जाणं (आमच्या भाषेत टॅक्सी), रांग आणि उतरल्यावरची टॅक्सी सगळं आलं. मोठ्या विमानतळावर दोन्हीकडचं मिळून अर्धा-पाऊण तास यातच जातो.

त्यावर कंपनी थोडी चरबी ठेवते. रोजचा अनुभव बघून वेळापत्रकात दहा-वीस मिनिटं जास्तच लिहायची. त्यामुळे विमान अर्धा तास उशिरा सुटून "वेळेवर" पोचतं आणि प्रवासी खूश. मात्र एकदा आमच्याकडे विमान चाळीस मिनिटं लवकर आलं, वारा चांगला मिळाला होता. गेटवर आधीचं विमान उभं. मग आलेलं विमान बाजूला पस्तीस मिनिटं थांबलं, आतले लोक उभे राहून बॅगा हातात घेऊन. मी खालून हातात चॉक घेऊन त्यांच्याकडे बघतोय, ते खिडकीतून माझ्याकडे. जणू मीच अडवलंय.

मी_पामर
एक शेवटची शंका, हसू नका. जाताना वाऱ्याने जेवढं नुकसान, येताना तेवढाच फायदा, म्हणजे वारा असला काय नसला काय, जाऊन-येऊन हिशोब सारखाच ना?

गणिती_उंदीर
शंका झकास आहे, उत्तर "नाही". ९,००० किमी धरू, वेग ९००. वारा नसताना दहा-दहा, वीस तास. आता ताशी १५० चा वारा. समोरून आला तर वेग ७५०, बारा तास. पाठीमागून आला तर १,०५०, आठ तास ३४ मिनिटं. बेरीज वीस तास ३४ मिनिटं. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता, पाठच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो. म्हणून तोटा फायद्यापेक्षा नेहमी मोठा.

मी_पामर
हे म्हणजे अगदी कर्जासारखं झालं. धन्यवाद!

खिडकीसीट
नभाताई, दीर परत येईल त्या दिवशी विमान नकाशावर बघत राहा. टोकियोहून निघालेलं विमान पश्चिमेलाच जाईल असं धरून चालू नका. एवढंच सांगतो.

नभा
तीन आठवड्यांनी धागा वर आणतेय. दीर काल परतला.

कन्या सुट्टी असल्याने फोनवर विमानाचा माग काढत बसली होती. टोकियोहून निघालं ते लंडनकडे पाठ करून, भर समुद्रात, पूर्वेला! ती ओरडतच आली, "आई, काका चुकीच्या विमानात बसलाय." अलास्कावरून, कॅनडाच्या वरच्या टोकावरून, ग्रीनलंडवरून लंडनला उतरलं. जाताना चीनवरून गेला होता, येताना या बाजूने, म्हणजे स्वारी पृथ्वीला आख्खी चक्कर मारून आली. त्याला स्वतःला पत्ता नव्हता, तो झोपला होता.

रेखांश
१९५७ चाच रस्ता, फक्त अँकरेजला न थांबता! आता चीनवरून पश्चिमेला यायचं तर जेट स्ट्रीम तोंडावर घ्यावी लागते. या बाजूने अंतर जास्त, पण पॅसिफिकवर तोच वारा पाठीशी. कंपन्या त्या त्या दिवसाचा वारा बघून ठरवतात.

नभा
हो, ते आम्ही घरीही पडताळलं. कापून ठेवलेला तो साडेबावीस सेंटीमीटरचा लाल दोरा कन्येने टोकियोवर धरला, अलास्कावरून वळवला आणि लंडनकडे ताणला. ग्रीनलंडच्या मधोमध, बर्फावरच संपला. आणखी साडेसात सेंटीमीटरचा तुकडा गाठ मारून जोडावा लागला. ती गाठ अजून तिथेच चिकटपट्टीने लावून ठेवलीय, काढू देत नाहीये.